गाडी घेताना विकण्याचा दिवस डोळ्यांसमोर ठेवा

निफाड तालुक्यात चैत्र-वैशाखात फिरले की यंदा कोणत्या गावाला द्राक्षाने साथ दिली, हे कुणाला विचारावे लागत नाही. दारातल्या नव्या गाडीच्या बॉनेटवरचा झेंडूचा हारच ते सांगतो. आणि ज्या वर्षी साथ मिळत नाही, त्या वर्षी त्याच गाड्या हमरस्त्याकडेला, काचेवर चुन्याने किंमत लिहून उभ्या राहतात. आपण पीक विकायला शिकलो, भाव पडला तर कांदा चाळीत थांबवायलाही शिकलो. पण दारातली गाडी विकायची वेळ येते तेव्हा आपल्यातला भला-भला हिशेबी माणूसही गडबडतो.

२०२३ सालची गोष्ट आपण कुणी विसरलेलो नाही. २६ नोव्हेंबरला गारपिटीने उभ्या बागा झोडपल्या. ती पंचनाम्याची कामे चालू असतानाच ८ डिसेंबरला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. पंधरा दिवसांत दोन तडाखे. त्याच महिन्यात कादवाकाठच्या एका द्राक्षबागायतदारांच्या ओट्यावर बसलो होतो. मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती, औषध दुकानदाराची उधारी होती. म्हणून त्यांनी गाडी काढायचे ठरवले. तीन वर्षांपूर्वी घेतलेली डिझेल गाडी, शोरूमची किंमत दहा लाख. एक लाख रोख भरून बाकी नऊ लाखांचे कर्ज, सात वर्षांची मुदत, व्याज दहा टक्के.

मी म्हटले, "अण्णा, आधी कर्ज किती बाकी ते तर काढा." ते म्हणाले, "साहेब, तीन वर्षं हप्ता चुकवला नाही. आता काय राहिलं असेल?"

तुम्हीही पेन घ्या आणि हा हिशेब मांडून पाहा. नऊ लाखांना दहा टक्क्यांनी सात वर्षांचा हप्ता साधारण १४,९४० रुपये येतो. छत्तीस हप्त्यांचे झाले ५ लाख ३८ हजार. तरीही बाकी निघते सुमारे ५ लाख ८९ हजार! कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त जाते, मुद्दल हळूहळू फिटते. पीक कर्जाची आपल्याला सवय आहे, वर्षात उचलले, वर्षात भरले. गाडीच्या कर्जाची चाल वेगळी असते.

आता गाडीची किंमत. विमा कंपन्यांचा घसाऱ्याचा एक ठरलेला तक्ता आहे. नवी गाडी सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के उतरते, वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्या वर्षात ५० टक्के. पाच वर्षांनंतर कंपनी व मालक यांनी आपसात ठरवायचे. तीन वर्षे पुरी झालेली दहा लाखांची गाडी या तक्त्याने सहा लाखांची. म्हणजे कर्ज फेडून अण्णांच्या हातात दहा-अकरा हजार रुपये. तेही व्यापाऱ्याने सहा लाख दिले तर. त्याने साडेपाच लाख सांगितले. "आज माझ्याकडं विकायला आलेली तुमची चौथी," असे त्याचे म्हणणे. गाडी द्यायची आणि वर घरातून एकोणचाळीस हजार भरायचे, तेव्हा कागदावरचा बोजा उतरणार.

शेवटी त्यांनी गाडी ठेवली आणि दोन दुभत्या गाई विकल्या. गाई लगेच गेल्या, चांगल्या भावाने गेल्या. ज्या दुधावर गाडीचा हप्ता जात होता ते दूध गेले, आणि हप्ता राहिला.

हा सगळा घोळ गाडी विकताना झाला असे वाटते, पण तो घेतानाच झालेला होता. विम्याच्या तक्त्याला सगळ्या गाड्या सारख्या, पण बाजाराला त्या सारख्या नाहीत. तीन वर्षांनी हीच दहा लाखांची गाडी सात लाखांना गेली असती तर अण्णांच्या हातात लाखभर रुपये उरले असते, आणि साडेचार लाखांना मागितली असती तर घरातून एक लाख चाळीस हजार घालावे लागले असते. घेताना दोन्ही गाड्या दहा लाखांच्याच होत्या. शोरूममध्ये आपण मायलेज विचारतो, सूट विचारतो, सीटकव्हर फुकट मागतो. या अडीच लाखांच्या फरकाबद्दल मात्र कुणी विचारत नाही.

दुसरे गिऱ्हाईक कोण?

गाडीचा भाव का टिकतो, याचे उत्तर गाडीत कमी आणि तिच्या दुसऱ्या गिऱ्हाइकात जास्त असते. आपल्या भागात जुनी गाडी घेणारा कोण असतो? टोमॅटोचे कॅरेट आणि घरची माणसे एकाच गाडीत नेणारा, दूध संकलनवाला, शाळेची मुले सोडणारा, लग्नसराईत भाड्याने गाडी देणारा. त्याला हवी असते चेसीवर बांधलेली, वस्तीच्या खड्ड्यांतून जाणारी, बिघडली तर सायखेड्याच्या किंवा लासलगावच्या मिस्त्रीला उघडता येणारी आणि सुटा भाग त्याच दिवशी तालुक्याला मिळणारी गाडी.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यात तयार होते. महिंद्राची बोलेरो २००० साली बाजारात आली आणि ती नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडते. दिसायला पेटी, आत शिरताना आवाज, शहरातली माणसे नाक मुरडतात. पण खाली जुन्या जीपचाच सांगाडा, मागचे चाक ओढणारे, पाट्यांचे सस्पेन्शन. २०१६ मध्ये कर वाचावा म्हणून तिची लांबी चार मीटरच्या आत आणली आणि दीड लिटरच्या आतले इंजिन बसवले, तरी बाहेरचा चेहरा फारसा बदलला नाही. चेहरा न बदलणे हेसुद्धा भाव टिकण्याचे मोठे कारण आहे बरे का. ज्या गाडीचे मॉडेल दर तीन वर्षांनी बदलते, तिचे आदले मॉडेल एका रात्रीत म्हातारे दिसू लागते.

दुसरे उदाहरण टोयोटाच्या क्वालिसचे. २००० साली आली, २००५ मध्ये इनोव्हासाठी कंपनीने ती बंद केली. बंद झालेली गाडी असूनही पुढे कित्येक वर्षे लोक ती शोधत होते, कारण इंजिन दमत नव्हते आणि कंपनी देशातच होती. आणि छोट्या गाड्यांत मारुतीचे तेच. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली, २०१४ च्या सुरुवातीला तिचे उत्पादन थांबले. तीस वर्षांत गावागावांत तिचे मिस्त्री तयार झाले, आणि त्याच विश्वासावर पुढच्या अल्टो-वॅगनआर विकल्या गेल्या.

याच्या उलट, कंपनीच देश सोडून गेली की काय होते? जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस शेवरोले गाड्यांची भारतातली विक्री थांबवली. काळी-पिवळीवाल्यांच्या आवडीची टवेरा त्यात गेली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. त्याआधी देवूची सिएलो आणि मॅटिझ हेच भोगून गेल्या. या गाड्या वाईट होत्या असे नाही. फोर्डच्या डिझेल इंजिनाचे नाव आजही मिस्त्री काढतात. पण घेणारा बिचकतो, "उद्या पार्ट मिळेल का?" हा एक प्रश्न विचारतो आणि किंमत खाली आणतो. स्वतः दहा-बारा वर्षे वापरून संपवायची असेल तर अशी गाडी स्वस्तात मिळते, खुशाल घ्या. तीन-चार वर्षांत विकावी लागण्याची शक्यता असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

एक गंमत सांगतो. जुन्या गाडीचा भाव नेहमी उतरतच होता असे नाही. परवाना राज्यात बजाज स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. तेव्हा ज्याला स्कूटर मिळाली तो ती नव्या किमतीपेक्षा जास्त पैशांना विकू शकत होता. आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनात "गाडी म्हणजे पैसा सुरक्षित" हे बसले ते त्या काळामुळे. पुढे २०२१-२२ मध्ये चिपच्या टंचाईने नव्या गाड्यांना महिनोन्‌महिने थांबावे लागले, तेव्हाही जुन्या गाड्यांचे भाव चढले होते. माल कमी तर भाव जास्त, हे कांदेवाल्यांना मी सांगायला नको! पण अशा काळावर भरवसा ठेवून गाडी घ्यायची नसते.

आणि भाव खाली येतो तोही अचानक येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, लहान गाड्यांचा २८ वरून १८ टक्के. कर सोडून सहा लाखांचा ट्रॅक्टर आदल्या दिवशी ६ लाख ७२ हजारांना होता, दुसऱ्या दिवशी ६ लाख ३० हजारांना. घेणाऱ्याचा फायदा झाला हे खरे. पण ज्याने ऑगस्टमध्ये घेतला, त्याच्या ट्रॅक्टरची बाजारातली किंमत काहीही न करता तेवढ्याने बसली.

घेतानाच्या आणखी काही गोष्टी. खासगी गाडीवरचा एकरकमी कर दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के आणि डिझेलला १३ टक्के बसतो. अण्णांच्या गाडीचे १ लाख ३० हजार त्यातच गेले. विकताना हे पैसे कुणी मोजत नाही, तसेच वरून बसवलेल्या टेपचे, अलॉय चाकांचेही नाही. डिसेंबरात कंपन्या सूट देतात, पण आठ दिवसांनी जानेवारी लागला की गाडी कागदावर एक वर्षाने जुनी. सूट त्या फरकापेक्षा मोठी असेल तरच घ्या. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी धरणारी गाळणी असते. ती साफ व्हायला गाडी मोठ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. वस्तीवरून गावात आणि गावातून वस्तीवर एवढेच दोन किलोमीटर रोज चालवली तर ती गाळणी तुंबते, आणि बदलायचा खर्च ऐकून डोळे पांढरे होतात. असे चालवणे असेल तर पेट्रोल गाडी बरी.

ट्रॅक्टरचे गणित निराळे

ट्रॅक्टर गाडीसारखा वर्षांवर मोजत नाहीत, तासांवर मोजतात. अवर मीटर बंद पडलेला ट्रॅक्टर म्हणजे पावती नसलेला माल. मीटर बिघडला तर लगेच दुरुस्त करून घ्या, त्या दोन-चार हजारांपायी विकताना मोठी रक्कम जाते.

आपल्या द्राक्षपट्ट्यात ओळीतून चालणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरला चांगले गिऱ्हाईक आहे, कारण ब्लोअर ओढायला दुसरा पर्याय नाही. पण तोच ट्रॅक्टर सगळ्यात लवकर सडतोही. बोर्डोतले मोरचूद, गंधक, विद्राव्य खते, सगळे त्याच्या पत्र्यावर आणि रेडिएटरवर बसते. फवारणी झाली की ट्रॅक्टर तसाच शेडमध्ये लावायचा आणि सकाळी पुन्हा न्यायचा, ही आपली रीत. जुना ट्रॅक्टर पाहायला येणारा जाणकार आधी मडगार्डच्या खालून हात फिरवतो. तिथे पापुद्रे निघाले की इंजिन कितीही चांगले असो, त्याचा भाव ठरला. दर फवारणीनंतर पाच मिनिटे साध्या पाण्याचा पाइप मारा, रेडिएटरची जाळी आतून बाहेर धुवा. एवढेच पुरते.

विकायचाच असेल तर ऑक्टोबर छाटणीच्या आधी, ऑगस्ट-सप्टेंबरात काढा. तेव्हा घेणाऱ्याला गरज असते. खरड छाटणीनंतर गरज विकणाऱ्याला असते. आणि अनुदानावर घेतलेला ट्रॅक्टर किंवा अवजार असेल तर हमीपत्रात लिहिलेली मुदत आधी वाचा. त्या मुदतीत विक्री केली तर अनुदान वसूल होऊ शकते. हमीपत्रावर सही करताना ते वाचणारे शेतकरी मला फार थोडे भेटले.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी

घसाऱ्याचा तक्ता उलटा वाचला तर तो घेणाऱ्याच्या फायद्याचा आहे. पहिल्या तीन वर्षांची मोठी घट दुसऱ्याने सोसलेली असते. चार-पाच वर्षांची, एका हाताची गाडी घेणे यात कमीपणा काही नाही. फक्त डोळे उघडे ठेवावेत. गोदावरीच्या २०१६ आणि २०१९ च्या पुरात सायखेडा-चांदोरी भागात पाणी कुठपर्यंत आले होते ते आपण पाहिले आहे. पुरात बुडालेली गाडी रंगरंगोटी करून लांबच्या बाजारात जाते, तशीच लांबची आपल्याकडे येते. पायाखालचे मॅटिंग उचलून पाहा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, बारीक गाळाची रेघ तिथे सापडते.

दिल्लीकडच्या गाड्या स्वस्त का मिळतात तेही समजून घ्या. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निर्बंध आणले. २०२५ मध्ये त्यात काही सवलत मिळाली, पण तिकडच्या मालकाचा धीर सुटला तो सुटलाच. गाडी इकडे आणल्यावर तिकडचे ना-हरकत पत्र, आपल्या राज्याचा कर आणि नवा नंबर हा खर्च वेगळा. तो धरून मग किंमत स्वस्त आहे का ते पाहा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मोटारीसाठी ही फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि २० वर्षांवरील मोटारींना २०२५ पासून १०,०००. शिवाय पर्यावरण कर. म्हणून तेराव्या-चौदाव्या वर्षी गाडीचा भाव एकदम घसरतो. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली नसेल तर परिवहन कार्यालयात नावबदलाचे कामही अडते, हेही पाहून घ्या.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. १ एप्रिल २०२३ पासून शासकीय आणि पंचायतींच्या मालकीच्या वाहनांची नोंदणी १५ वर्षांनंतर संपते, तिचे नूतनीकरण होत नाही. अशी गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रातच द्यावी लागते. ग्रामपंचायतीचा ट्रॅक्टर किंवा टँकर निर्लेखित करायचा विचार असेल तर ठराव पंधरावे वर्ष लागण्याच्या आधी घ्या. आधी वाहन म्हणून लिलाव होतो, नंतर लोखंडाच्या भावाने जाते.

विकल्यावर नाव उतरले का?

भाव थोडा कमी आला तर तोटा तेवढ्यावर भागतो. नाव राहिले तर भागत नाही. आपल्याकडे सर्रास काय होते? शंभरच्या किंवा पाचशेच्या स्टँपवर लिहून घेतात, कोऱ्या फॉर्मवर सही करून देतात आणि गाडी निघून जाते. ती पुढे तीन हात फिरते, आर.सी. बुकावर नाव आपलेच. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका खटल्यात स्पष्ट केले की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, गाडी कितीही हातांतून गेलेली असो. त्या गाडीचा विमा संपलेला असेल आणि अपघात झाला तर भरपाईचा दावा आपल्या सात-बाऱ्यापर्यंत येऊ शकतो. तीन-चार वर्षांपूर्वी विकलेल्या जीपसाठी नोटीस आलेले एक गृहस्थ मला माहीत आहेत. गाडी कुणाला दिली हे त्यांना आठवत होते, पण त्या माणसाने पुढे कुणाला दिली हे नाही.

म्हणून कर्ज असेल तर आधी बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन बोजा उतरवा. फॉर्म २९ आणि ३० पूर्ण भरून, घेणाऱ्याचे नाव घालूनच सही करा, कोरे देऊ नका. राज्यातल्या राज्यात विकल्यास १४ दिवसांत आपण आणि ३० दिवसांत घेणाऱ्याने कळवावे असा कायदा आहे. घेणाऱ्याच्या आधारकार्डाची प्रत, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती आपल्याजवळ ठेवा. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला देत असाल तर एप्रिल २०२३ पासून अधिकृत व्यापाऱ्याने गाडी ताब्यात घेतल्याची नोंद परिवहन खात्याच्या पोर्टलवर करायची असते, ती केल्याची पावती मागा.

विम्याचा नो-क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पाच वर्षे दावा केला नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत पोचतो. गाडी विकताना कंपनीकडून त्याचे पत्र घेतले तर पुढच्या तीन वर्षांत नव्या गाडीच्या विम्याला तो लावता येतो. बहुतेक जण तो जुन्या गाडीबरोबर सोडून देतात.

गाडी दिल्यावर दीड महिन्याने मोबाइलवर परिवहन खात्याच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून पाहा. मालकाच्या रकान्यात अजून आपलीच अक्षरे दिसली तर घेणाऱ्याला फोन करत बसू नका, पावतीची प्रत घेऊन नाशिकच्या परिवहन कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि त्यावर आवक शिक्का घेऊनच परत या.